बर्लिनमधल्या ज्यू दुकानाचा माग गोव्यात बसून कसा काढायचा

म्हापशाच्या बाजारात दुकानाची पाटी एक, मालकाचं आडनाव दुसरं आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी तिसरंच नाव, असं सर्रास असतं. नाझी राजवटीत बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबांच्या हातून गेलेली दुकानं शोधतानाही हीच अडचण येते. म्हणून नावापेक्षा पत्ता धरून सुरुवात करा.

बर्लिनच्या 1943 पर्यंतच्या पत्तापुस्तिका तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत. त्यांत आडनावांची यादी वेगळी, रस्त्यांची वेगळी. रस्त्यांची आधी उघडा. नावाशेजारी ‘ई’ हे रोमन अक्षर दिसलं तर तो घरमालक, ‘व्ही’ असेल तर घराचा कारभारी. दुकानदार बहुधा त्याखाली छापलेल्या भाडेकरूंच्या नावांत सापडतो. नवखा माणूस घरमालकालाच दुकानाचा मालक समजतो आणि पुढचा सगळा शोध चुकीच्या कुटुंबामागे जातो. आणखी एक चकवा क्रमांकांचा. कुरफ्यूर्स्टेनडामसारख्या जुन्या रस्त्यांवर आकडे एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे आजच्या नकाशावर सम-विषमचा हिशेब लावू नका.

छपाई फ्राक्टुर लिपीत, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन अक्षरांत, असेल तर शब्दाच्या मधला ‘एस’ उभा, लांब असतो आणि ‘एफ’सारखा दिसतो. संगणकही त्याला फसतो. ‘रोझेनथाल’ सापडलं नाही, तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधा.

आता 1930 पासून एकेक वर्ष घेऊन वहीत चार रकाने भरा: वर्ष, नाव, धंदा, घरक्रमांक. पुस्तिकेतली माहिती आदल्या वर्षी गोळा केलेली असते, हे ध्यानात ठेवा. 1938 च्या पुस्तिकेत नाव बदललेलं दिसलं तर घटना बहुधा 1937 ची.

नाव बदललं म्हणजे दुकान विकलं, असं लिहून मोकळं होऊ नका. खरं काम इथून पुढे आहे. वहीतल्या वर्षांशेजारी या तारखा मांडा: 1 एप्रिल 1933 चा ज्यू दुकानांवरचा बहिष्कार, 26 एप्रिल 1938 चा, ज्यूंनी 5000 राइशमार्कांवरची (तेव्हाचं जर्मन चलन) मालमत्ता जाहीर करण्याचा हुकूम, 12 नोव्हेंबर 1938 चा हुकूम, ज्याने 1 जानेवारी 1939 पासून ज्यूंना किरकोळ दुकान चालवायला बंदी घातली. मग विक्रीची किंमत पाहा. मालाचा भाव पाडलेला असे आणि दुकानाच्या नावलौकिकाचे पैसे अनेकदा धरलेच जात नसत. देश सोडणाऱ्याच्या मालमत्तेवर 25 टक्के ‘पलायन कर’ लागू शके, आणि उरलेली रक्कम गोठवलेल्या खात्यात अडके. त्यामुळे करारातला आकडा आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेला आकडा हे दोन्ही वेगवेगळे लिहा. कधी नाव अर्धवटच पुसलं जाई. हेरमान टिएट्झ ही दुकानसाखळी 1933 नंतर कुटुंबाच्या हातून गेली आणि त्याच नावाच्या तुकड्यांतून ‘हेर्टी’ झाली.

पुढे हुम्बोल्ट विद्यापीठात तयार झालेली, 1930 ते 1945 मधल्या ज्यू उद्योगांची माहितीसूची चाळा. ती मुख्यतः व्यापार नोंदवहीतल्या पेढ्यांवर उभी आहे. छोटा पसरकार (किरकोळ दुकानदार) किंवा बाजारात मांडून बसणारा तिच्यात मिळाला नाही, तर तो नव्हताच असं समजू नका. युद्धानंतर मालमत्ता परत मागणाऱ्या दाव्यांची कागदपत्रं बर्लिनच्या लांडेसआर्खिव्हमध्ये, म्हणजे तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत, तर जप्त मालमत्तेच्या फायली पॉट्सडामच्या ब्रांडेनबुर्ग राज्य अभिलेखागारात. जर्मनमध्ये चार ओळींचं पत्र पाठवा: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, हवी ती वर्षं. जन्मतारीख नसेल तर एकाच नावाच्या अनेकांत माणूस हरवतो. फोन करायचा तर त्यांचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन.

1939 पासूनच्या कागदांत ‘सारा’ किंवा ‘इस्राएल’ हे मधलं नाव अचानक उगवतं. ती वेगळी व्यक्ती नव्हे. बहुतेक ज्यूंवर ही नावं कायद्याने लादली होती. शोधताना ती वगळूनही पाहा. नाहीतर एकाच बाईच्या दोन नोंदी होतात.

शेवटी श्टोल्परश्टाइन पाहा, म्हणजे नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी फुटपाथमध्ये बसवलेले, वर पितळी पत्रा असलेले 10 सेंटिमीटरचे ठोकळे. ते सहसा माणसाने स्वतः निवडलेल्या शेवटच्या राहत्या घरापुढे असतात, दुकानापुढे नाही. दुकानाच्या पत्त्यावर काही मिळालं नाही तर पत्तापुस्तिकेतल्या आडनावांच्या यादीत परत या आणि घरचा पत्ता काढा.