आयकर रिटर्नसाठी सीए लावायचा का? आधी या चुका टाळा

जून लागला की आमच्या जिन्यावर दोनच प्रश्न भेटतात. पाणी कधी सोडणार, आणि ‘काका, रिटर्न मीच भरू की सीए लावू?’ मी सीए नाही. बँकेत तीस वर्षं खर्डेघाशी केली, आता नाशिकला घरची आणि शेजारची मिळून सात-आठ रिटर्नं भरून देतो. फी एक कप चहा. त्याच त्या चुका निस्तरून आता चहाही कडू लागायला लागलाय.

पगाराच्या आकड्यावरून ठरवणं. ‘माझा पगार तीस लाख, मला सीए लागेलच ना?’ का लागेल? पगार, राहतं एक घर, बँकेचं व्याज एवढंच असेल तर 50 लाखांपर्यंत आयटीआर-1, म्हणजे ‘सहज’ हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालतो. कागद हाताशी असतील तर अर्ध्या तासाचं काम. उलट सहा लाख पगाराचा पोरगा मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, खेळत असेल, तर कायद्याच्या लेखी तो धंदा करतोय. त्याला आयटीआर-3 लागतो, आणि त्याने मुकाट सीए गाठावा. रक्कम बाजूला ठेवा, पैसा किती वाटांनी घरात आला ते मोजा.

आधीच भरून आलेल्या फॉर्मवर डोळे मिटून विश्वास. यात माझा सख्खा भाचा सापडला. 2023-24 मध्ये त्याने नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत सहा महिन्यांत 5.40 लाख, दुसरीत 6 लाख. नवी करप्रणाली. पहिल्या कंपनीने वर्षभराचा पगार धरून टीडीएस, म्हणजे पगारातूनच आगाऊ कर, कापला, 33,540 रुपये. दुसरीला आधीचा पगार याने सांगितलाच नाही. फॉर्म 12बी नावाचा कागद त्याचसाठी असतो. तिच्या हिशेबाने याचं उत्पन्न त्या वर्षीच्या 7 लाखांच्या करमाफीच्या आत, म्हणून तिने एक पैसा कापला नाही. जुलैमध्ये आयकर खात्याच्या पोर्टलवर दोन्ही पगार आपोआप आले होते. साहेबांना वाटलं, जुनी नोंद चुकून राहिलीय. काढून टाकली! पगार गेला, टीडीएस राहिला. रात्री अकराला फोन: ‘मामा, 33,540 रिफंड! सीएशिवाय!’

महिनाभरात आकडे जुळत नसल्याची नोटीस आली. दोन्ही पगार मिळून कर होत होता 76,440. म्हणजे रिफंड राहिला बाजूला, 42,900 आणि वर व्याज भरून सुधारित रिटर्न टाकावं लागलं. आता तो सांगत फिरतो, सीए लावायला हवा होता. मला नाही पटत. सीएची गरजच नव्हती, दहा मिनिटं थांबून दोन्ही कंपन्यांचे फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि टीडीएसचे दाखले, शेजारी ठेवायची गरज होती. या पोरांना घाई कसली असते देव जाणे. मी आधी 26एएस आणि एआयएस, म्हणजे आपल्या कराची आणि उत्पन्नाची खात्याकडे असलेली यादी, डाउनलोड करतो, कागदावर छापतो आणि एकेका ओळीवर पेन्सिलने टिक करतो. लोक हसतात. हसोत.

रिफंडवाल्याला सीए समजणं. यावर मात्र माझं डोकं फिरतं. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सातपूरला कारखान्यात आहेत. ‘आमच्या अख्ख्या विभागाचं तोच एजंट भरतो, रिफंडच्या दहा टक्के घेतो,’ असं अभिमानाने सांगायचे. 14 जुलै 2025 ला आयकर खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती बातमी वाचून घाबरेघुबरे वर आले. मी त्यांचं पोर्टलवरचं खातं उघडायला बसलो तर ओटीपी भलत्याच मोबाइलवर! मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याचाच. आयकर खात्याचे इशारे येत होते आणि त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून होते. आत पाहिलं तर स्वतःच्या घरात राहून घरभाड्याची वजावट, आणि ज्या पक्षाचं नावही यांनी कधी ऐकलं नव्हतं त्याला साठ हजारांची देणगी. दोन वर्षं.

तिथे मी हात जोडले आणि त्यांना खऱ्या सीएकडे पाठवलं. दोन्ही वर्षांची अपडेटेड, म्हणजे मुदतीनंतर चूक सुधारणारी, रिटर्नं भरली. घेतलेला रिफंड व्याजासकट परत, शिवाय एका वर्षावर 25 आणि दुसऱ्यावर 50 टक्के जादा कर. एजंटची टक्केवारी अर्थातच परत आली नाही. रिटर्न कुणीही भरो, जबाबदारी पॅनवाल्याची. फी रिफंडच्या टक्क्यात मागणारा दिसला की चपला घाला आणि निघा. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा.

‘बँकेने टीडीएस कापलाय, म्हणजे एफडीचा विषय संपला.’ कापलेत 10 टक्के. तुमचा दर 30 असेल तर उरलेले कोण भरणार?

बायकोच्या नावावर एफडी. पैसे नवऱ्याने दिले असतील तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात.

रिटर्न भरलं, पण ई-व्हेरिफाय, म्हणजे ‘हे मीच भरलंय’ अशी ऑनलाइन खात्री, केलं नाही. 30 दिवसांत आधार ओटीपी टाका, नाहीतर वेळेत भरून उपयोग नाही.

सीएकडे उशिरा जाणं. उशिरा म्हणजे 28 जुलैला पिशवीभर कागद घेऊन, हे तर आहेच. पण जुना फ्लॅट विकून, पैसे मोडून झाल्यावर जाणारे जास्त भेटतात. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला साधा 12.5 टक्के दर की महागाईचा निर्देशांक लावून 20, यात मोठा फरक पडू शकतो. नवं घर घ्यायचं असेल तर पैसे कुठे आणि कधीपर्यंत ठेवायचे याचेही नियम आहेत. हे इसारपावतीच्या आधी विचारायचं. परदेशी कंपनीचे शेअर मिळालेत, मुलगा अनिवासी आहे, घरात दवाखाना किंवा क्लास चालतो, अशांनीही सीएच्या फीत कंजुषी करू नये. सबमिट करण्यापूर्वी मात्र त्याच्याकडून हिशेबाचा कागद मागून घ्या आणि प्रत्येक वजावटीची पावती घरात आहे का ते बघा.

भाच्याने यंदा पुन्हा नोकरी बदलली आहे. फॉर्म 12बी दिलास का, असं विचारलं, तर म्हणाला, ‘मामा, ते एचआर बघतं.’