डीएसएलआर नवा आहे? आधी फोकस पॉइंट स्वतः निवडा
छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपून फोटो बनवणारा भाग) इतका लहान असतो की पुढचं-मागचं जवळपास सगळंच स्पष्ट येतं. डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा, सेन्सर मोठा; त्यामुळे थोडाच भाग स्पष्ट येतो. ५० एमएम लेन्स एफ/१.८ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं) ठेवून जवळून चेहरा टिपलात, तर नाक स्पष्ट आणि डोळे पुसट असं सहज होतं. लेन्स बिघडलेली नसते. ऑटो फोकस बरेचदा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. म्हणून एकच फोकस पॉइंट (कॅमेऱ्याने कुठे फोकस करायचा ते दाखवणारी खूण) निवडा, तो डोळ्यावर ठेवा, शटरचं बटण अर्धं दाबून फोकस लागू द्या, मगच पूर्ण दाबा. दोन-तीन रांगांच्या ग्रुप फोटोला एफ/८ बरं, कारण छिद्र लहान झालं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं. प्रकाश कमी पडला तर आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, त्याचा आकडा) बिनधास्त वाढवा. व्ह्यूफाइंडरमधले (डोळा लावून बघायच्या खिडकीतले) आकडेच अंधुक दिसत असतील, तर शेजारचं डायॉप्टरचं (खिडकी आपल्या नजरेला जुळवण्याचं) छोटं चाक फिरवून पाहा.