या चुका टाळा: विसरणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊ नका

सासूबाईंना अल्झायमर आहे हे कळून सहा वर्षं झाली. एवढ्यात आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या आसपासच्या दहाबारा घरांतून मला विचारणा झाली, आणि चुका बघाव्यात तर त्याच त्या. सगळ्यात मोठी आमच्याच घरात झालेली.

चवथीचे दिवस. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, मुंबई-पुण्याची माणसं आली आणि जो तो सासूबाईंच्या खुर्चीपुढे उभा राहून विचारू लागला, "ओळखलंस? सांग बघू मी कोण?" पहिल्या दोघांकडे बघून त्या नुसत्या हसल्या. तिसऱ्याला चुकीचं नाव सांगितलं, तर सगळे हसले. मग त्यांनी तोंडच उघडलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या.

दिवेलागणीला सुरू झालं, "मला घरी जायचंय, भाई वाट बघत असेल." नणंद म्हणाली, "अगं आई, मामाला जाऊन वीस वर्षं झाली." त्यांनी हंबरडा फोडला. त्यांच्या लेखी भाऊ त्याच क्षणी गेला होता. अर्ध्या तासानं विसरल्या, पुन्हा विचारलं, नणंदेनं पुन्हा खरं सांगितलं. असं तीनदा. हा खरेपणाचा हट्ट नेमका कुणासाठी, मला अजून कळलेलं नाही.

आता पाहुण्यांना मी उंबऱ्यावरच बजावते: नाव आणि नातं आपणच सांगायचं, "काकी, मी तुमचा मधला पुतण्या." आणि भाईंची आठवण निघाली की मी विचारते, "भाई पावसात मासे धरायला जायचे ना हो?" गोष्ट मयेच्या तळ्यापर्यंत जाते. खोटं बोलावं लागत नाही, संध्याकाळही निभते. या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते, म्हणून काळोख पडायच्या आधीच दिवे लावते.

दुसरी चूक म्हणजे काहीही बिघडलं की "रोग वाढला" म्हणून गप्प बसणं. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीनं वाढतो. माणूस दोन दिवसांत बदललं तर बहुधा कारण वेगळं असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगात पाणी कमी, एखादी नवी गोळी. रात्री अंथरूण भिजतं म्हणून आमच्या मदतनीस बाईनं दुपारी चारनंतर पाणी बंद केलं. मला तेव्हा ती युक्ती हुशारीची वाटली, कबूल करते. आठवड्याभरात सासूबाई भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या पदरानं झटकू लागल्या. ताप नाही, काही नाही. घरात शेवटची पायरी आल्यासारखी कुजबुज सुरू झाली. लघवी तपासली तर संसर्ग निघाला. औषध दिलं, मुंग्या गेल्या. आता दिवसभर पेज, ताक, पाणी घोटघोट चालूच असतं. रात्री कमी करते, बंद नाही, आणि दर दोन तासांनी स्वतःच बाथरूमला नेते.

बाकीच्या थोडक्यात. बाथरूमची आतली कडी काढून टाका. खाटेची जागा हौसेनं बदलू नका. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी तर अजिबात नको, जुन्या पद्धतीच्या त्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणखी गढूळ होतं. आणि "वय झालं" म्हणण्याआधी बी-१२, थायरॉईड तपासा, मन खचलंय का तेही डॉक्टरांना बघू द्या.

महिनाभर गोळी देऊन "फरक नाही" म्हणत डॉक्टर बदलणाऱ्यांना काय सांगावं! डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या गोळीनं काहींची लक्षणं थोडा काळ सावरतात, गेलेली आठवण परत येत नाही.

सगळं एकटीनं ओढणाऱ्या सुनांवर मात्र माझा खरा राग आहे. आपल्या गोव्यातच एक अभ्यास झाला, 2008 साली तो छापून आला. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी येऊन सल्ला आणि आधार देऊ लागल्या, तर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आमच्याकडे कुणी येत नाही, म्हणून गुरुवार मी नवऱ्याला देऊन टाकलाय. त्या दिवशी आईची वेणी तो घालतो. भांग वाकडा निघतो, पण सासूबाईंची तक्रार नसते.