छोट्या अंगणासाठी बॅटरीचं लॉनमोअर घेताय? या चुका टाळा

बॅटरीचं हलकं लॉनमोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, छोट्या अंगणाला उत्तम. वायर पायात येत नाही, पेट्रोल साठवावं लागत नाही, शेजारी आवाजाची तक्रार करत नाहीत. पण सल्ला विचारायला बहुतेक जण मशीन घरात आल्यावर येतात, आणि तक्रारी ठरलेल्या असतात.

पहिली चूक म्हणजे नुसते व्होल्ट बघून मशीन घेणं. एका खोक्यावर ३६ व्होल्ट आणि दुसऱ्यावर ४० लिहिलेलं दिसलं की हात ४०कडे जातो. आत बहुतेक वेळा दोन्हीकडे तेच १० लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. चार्ज केल्या केल्या सेल ४ व्होल्टच्या आसपास असतो, काम करताना सरासरी ३.६ देतो. एका कंपनीने वरचा आकडा छापला, दुसरीने सरासरी, एवढाच फरक. १८ आणि २० व्होल्टचंही तेच.

बॅटरी किती वेळ पुरेल ते वॉट-अवर सांगतात. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं. ३६ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजेही ७२च. मी दुकानात आधी बॅटरीवरची ही बारीक अक्षरं वाचतो, मशीनचा रंग नंतर.

माझ्या एका परिचितांनी असंच ४० व्होल्टचं मशीन घेतलं, सोबत २ अँपिअर-अवरची बॅटरी. मग पाऊस लागून राहिला आणि गवत नडगीपर्यंत वाढलं. उघडीप मिळाल्या मिळाल्या त्यांनी कापायच्या उंचीचा खटका सगळ्यात खाली केला, एकदाच काय ते संपवून टाकू म्हणून. मशीन चार पावलं जायचं आणि बंद पडायचं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली, तर लाल दिवा लुकलुकायला लागला. दुकानदाराने मशीन न बघताच बॅटरी गेल्याचं सांगितलं आणि नवी विकली. तीही तशीच बंद पडायला लागली तेव्हा मला फोन आला.

मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून असलेली किल्ली आणि बॅटरी काढून मशीन आडवं केलं. पात्याभोवतीच्या पोकळीत ओल्या गवताचा घट्ट, काळपट हिरवा थर बसला होता, आंबल्याचा वास येत होता. पात्याला फिरायला जेमतेम जागा उरलेली. लाकडी पट्टीने सगळं खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी गवत वाळल्यावर उंची सगळ्यात वर ठेवली आणि प्रत्येक फेरीत अर्धीच रुंदी गवतात घातली. जुन्याच बॅटरीवर अंगण पूर्ण झालं. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. ओझं वाढलं की ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते, आणि तापलेली असली की चार्जर तिला चार्ज करत नाही.

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापावा. बाकीचं तीन-चार दिवसांनी. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी लॉन लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक वजनाची. जाहिरातीतलं वजन पुष्कळदा बॅटरीशिवायचं असतं. दुकानात बॅटरी बसवा, गवताची पिशवी लावा आणि मशीन उचलून बघा, कारण घरी ते पायरीवरून उतरवायचं आहे. ढकलताना हलकं वाटणारं मशीन उचलताना हात भरून आणतं. हँडल दुमडतं का, दुमडल्यावर मशीन उभं राहतं का, हेही तिथेच बघा. प्लास्टिकच्या बॉडीला नाक मुरडू नका, ती गंजत नाही.

रुंद पात्याचा मोह नको. छोट्या अंगणात ३२ ते ३७ सेंटीमीटर भरपूर झालं. त्याहून रुंद मशीन वाफ्यांमधून वळत नाही आणि बॅटरी लवकर पिते.

स्वस्त दिसणारं खोकं नीट वाचा. त्यात बॅटरी आणि चार्जर नसण्याची शक्यता असते.

उंची बदलायला एकच खटका असलेलं मशीन घ्या. चारही चाकं वेगवेगळी सरकवायची असली की लोक उंची बदलतच नाहीत.

अंगण अगदीच चिमुकलं असेल तर बॅटरी विसरा, हाताने ढकलायचं, चाकांबरोबर गोल फिरणाऱ्या सिलिंडर पात्यांचं मशीन घ्या. मात्र त्याला गवत वाढू दिलेलं चालत नाही.

बॅटरी उन्हात ठेवू नका. ४५ अंशांच्या वर आणि शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते. महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून घरात ठेवा.

एका गोष्टीची मला खरोखर चीड येते. हँडलवरची दांडी सतत दाबून धरायचा कंटाळा म्हणून काही जण ती दोरीने बांधून टाकतात. हात सुटला की पातं थांबावं, यासाठीच ती दांडी आहे. पाय घसरून पडलात तर मशीन तुमच्या अंगावर फिरतं राहील. कुठे बांधलेली दिसली तर मी आधी दोरी कापतो, मग बोलतो.

आणि पात्याला धार लावत जा. गवताची टोकं पांढुरकी, फाटलेली दिसायला लागली की पातं बोथट झालंय. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि बॅटरीही जास्त खातं. पातं काढण्याआधी किल्ली आणि बॅटरी बाहेर, हातात जाड मोजे. परत बसवताना वरची बाजू वरच आहे ना, ते बघूनच बोल्ट आवळा.