सल्फाची गोळी लिहिण्याआधी

इंटर्नशिप किंवा मेडिसिनची रेसिडेन्सी नुकतीच सुरू झालेल्यांसाठी हे लिहितेय.

माझ्या पहिल्या वर्षी कॅज्युअल्टीत एक बाई आल्या. ताप, लालभडक डोळे, ओठांवर खपल्या. मी केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहून मोकळी झाले. सीनियर मॅडमनी त्यांच्या पाठीवरच्या डागाजवळ बोट हलकंच सरकवलं, तर कातडी ओल्या कागदासारखी सुटून आली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाने कातडी आणि तोंड-डोळ्यांचं अस्तर सोलवटणारी गंभीर रिॲक्शन. मग बाईंनी पिशवीतून रिकामी पट्टी काढली: कोट्रायमोक्साझोल (सल्फामेथोक्साझोल हे सल्फा औषध आणि ट्रायमेथोप्रिम यांची जोडी), लघवीच्या जळजळीसाठी घेतलेलं. गोळ्या संपूनही आठवडा झाला होता, म्हणून त्यांनी आधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाई वाचल्या. डोळ्यांचा कोरडेपणा मात्र कायमचा राहिला.

ही रिॲक्शन साधारणपणे औषध सुरू केल्यापासून 4 ते 28 दिवसांत येते. त्यामुळे ‘आत्ता काय चालू आहे’ एवढं विचारून भागत नाही; मागच्या महिन्याभरात काय काय घेतलं ते विचारा. ताप, डोळ्यांची आग, तोंड आलेलं आणि पुरळ दिसायच्या आधीच दुखणारी कातडी, हे एकत्र दिसलं की संशयित औषध त्याच क्षणी बंद करा आणि सीनियरला बोलवा.

‘सल्फाची ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक पेशंट ‘नाही’च म्हणतात, कारण सल्फा हा शब्दच त्यांना माहीत नसतो. ‘कुठल्या गोळीने अंगावर उठलं होतं का, तोंड आलं होतं का?’ असं विचारा. उलट, गंधकाचं मलम सोसलं नाही म्हणजे सल्फाची ॲलर्जी, असंही नाही.

कातडीइतकंच लक्ष पोटॅशियमकडे द्या. ते वाढवतं जोडीतलं ट्रायमेथोप्रिम. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (हीही पोटॅशियम वाढवतात) चालू असलेल्या वयस्कर पेशंटला कोट्रायमोक्साझोल द्यायचंच झालं, तर दोन-चार दिवसांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांत रक्तपेशी फुटू शकतात. नवजात बाळाला सल्फा नकोच, कारण ते अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) सोडवतं आणि ते मेंदूपर्यंत पोचू शकतं.

एवढं वाचून औषधालाच घाबरू नका. एचआयव्हीच्या पेशंटमधल्या न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर आजही कोट्रायमोक्साझोल हेच पहिलं औषध आहे.

त्या बाईंना डिस्चार्ज देताना मॅडमनी कार्डावर औषधाचं नाव मराठीत, लाल शाईने लिहिलं आणि खाली एक ओळ: ‘कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी हे दाखवा.’ मग बाईंच्या मुलाकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.