प्राचलिक वक्राची लांबी कशी काढावी

चर्चगेटहून विरारकडे निघालेल्या लोकलच्या चाकावर, ते रुळाला जिथे टेकते नेमक्या त्या जागी, खडूने एक ठिपका काढला आहे अशी कल्पना करा. गाडी सुमारे ६० किलोमीटर पुढे जाते. ठिपका मात्र एकामागून एक कमानी काढत जातो. अशा कमानींच्या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. ठिपक्याने प्रत्यक्षात किती अंतर कापले, हे काढायला प्राचलिक वक्राच्या, म्हणजे ज्याचे क्ष व य दोन्ही प्राचल नावाच्या एका तिसऱ्या राशीवरून ठरतात अशा वक्राच्या, लांबीची रीत लागते.

सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून येते हे पाहावे, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथेच टळतात. वक्राचे इतके बारीक तुकडे करा की प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ भासेल. असा तुकडा म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, आणि क्ष व य यांमधले सूक्ष्म बदल म्हणजे त्याच्या दोन बाजू. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढायचा आणि सगळ्या कर्णांची बेरीज करायची. तुकडे शून्याकडे नेले की ती बेरीज संकलन होते. क्ष आणि य ही दोन्ही प्राचल ट ची फले असतील, आणि त्यांचे विकलज क्ष′ व य′ सलग असतील, तर

लांबी = √(क्ष′² + य′²) चे ट च्या सापेक्ष, सुरुवातीच्या ट पासून शेवटच्या ट पर्यंतचे निश्चित संकलन.

ट हा काळ मानला तर वर्गमुळातली ही राशी म्हणजे बिंदूची चाल होय, म्हणून सूत्र एवढेच सांगते की चालीचे संकलन केले की कापलेले अंतर मिळते.

आता ठिपक्याकडे वळू. चाकाची त्रिज्या त्र आणि चाक फिरलेला कोन, रेडियनमध्ये, ट असेल, तर

क्ष = त्र(ट − साइन ट), य = त्र(१ − कोसाइन ट).

एका फेऱ्यात ट ० पासून २ पाय (π) पर्यंत जातो. या सीमा संकलनाला हात घालण्याआधीच लिहून ठेवाव्यात.

विकलज सोपे आहेत: क्ष′ = त्र(१ − कोसाइन ट) आणि य′ = त्र साइन ट. वर्ग करून बेरीज केली, साइन व कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज १ असते हे वापरले, की २त्र²(१ − कोसाइन ट) उरते. इथे अनेक विद्यार्थी अडतात, कारण वर्गमुळाखाली वजाबाकी आहे. अर्धकोनाचे सूत्र आठवावे: १ − कोसाइन ट = २ साइन²(ट/२). त्यामुळे सगळी राशी ४त्र² साइन²(ट/२) होते, म्हणजे पूर्ण वर्ग.

वर्गमुळ घेताना मात्र थांबावे. उत्तर २त्र साइन(ट/२) नसून त्याचे केवल मूल्य असते. ० ते २ पाय या अंतरालात साइन(ट/२) ऋण होत नाही, म्हणून येथे केवल मूल्याचे चिन्ह गाळता येते. पण कुणी दोन फेऱ्यांसाठी ० ते ४ पाय अशी सीमा घेऊन केवल मूल्य विसरला, तर लांबी चक्क शून्य येते.

संकलन केल्यावर −४त्र कोसाइन(ट/२) मिळते. सीमा घातल्या की ४त्र + ४त्र, म्हणजे ८त्र. उत्तरात पाय उरतच नाही, ही मला या वक्राची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ही लांबी १६५८ मध्ये क्रिस्टोफर रेन यांनी काढली; लंडनचे सेंट पॉल्स कॅथेड्रल उभारणारे वास्तुविशारद ते हेच.

उत्तर पडताळूनही पाहावे. कमानीच्या दोन टोकांतले सरळ अंतर २ पाय त्र, म्हणजे सुमारे ६.२८त्र आहे. टोकापासून शिखरापर्यंत आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत दोन सरळ रेषा काढल्या तर त्यांची बेरीज सुमारे ७.४५त्र येते, आणि वक्र त्याहून लांबच असणार. ८त्र हे त्यात बसते. गाडीच्या दर किलोमीटरमागे ठिपका ४ भागिले पाय, म्हणजे सुमारे १.२७३ किलोमीटर चालतो. चाक घसरत नाही असे धरले तर विरारपर्यंत त्याचे सुमारे ७६ किलोमीटर होतात.

आणखी एक दक्षता. क्ष = कोसाइन २ट, य = साइन २ट हे एकक वर्तुळच आहे, पण ट ० ते २ पाय घेतला तर बिंदू त्यावरून दोनदा फिरतो आणि उत्तर २ पाय ऐवजी ४ पाय येते. वक्राची लांबी हवी असेल तर तो एकदाच गिरवला जाईल अशी सीमा निवडावी.

प्रत्येक वेळी पूर्ण वर्ग मिळेल अशी आशा मात्र धरू नये. क्ष = ३ कोसाइन ट, य = २ साइन ट या लंबवर्तुळाचे संकलन आपल्या नेहमीच्या फलांत मांडताच येत नाही, आणि तो आपल्या आकडेमोडीचा दोष नसतो. अशा वेळी सिम्पसनच्या नियमाने संख्यात्मक उत्तर काढावे, किंवा श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ मध्ये दिलेले परिमितीचे आसन्न सूत्र वापरावे. या लंबवर्तुळाची परिमिती सुमारे १५.८७ येते.