दाढ काढताय? मग हाड भरायचं आधी बोला

दाढ काढायला जाणार असाल आणि पुढं कधीतरी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला दात, बसवायचं डोक्यात असेल तर ते दाढ काढायच्या आधी डॉक्टरांना सांगा, नंतर नाही. मी नंतर सांगितलं. खालची उजवी दाढ एका ठिकाणी काढून घेतली, तिथं कुणी काय बोललं नाही, मीही विचारलं नाही, "बघू की पुढं" म्हणत दोन-अडीच वर्षं डाव्या बाजूनं जेवत राहिलो, आणि मग दुसरीकडं कोल्हापुरात राजारामपुरीत सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा सगळ्या बाजूंनी दिसणारा एक्स-रे) काढला तर डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर हाड आडवं कापून दाखवलं. वरची कड अगदी निमुळती झालेली. इम्प्लांटचा स्क्रू साधारण चार मिलिमीटर जाड, त्याच्या दोन्ही अंगाला एक-दीड मिलिमीटर तरी हाड पाहिजे, आणि माझ्याकडं सगळं मिळून चारसुद्धा नव्हतं.

असं का होतं तर दात गेला की त्याच्याभोवतीच्या हाडाला काही काम उरत नाही आणि ते विरघळायला लागतं. वर्षभरात रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यातच होते, आणि गालाकडची भिंत आधी जाते कारण ती मुळातच पातळ असते. दाढ काढली त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट, म्हणजे नवीन हाड वाढायला आधार देणारी पावडर, भरला तर ही झीज पूर्ण थांबत नाही पण बऱ्यापैकी कमी होते. ते काम लहान असतं. माझ्यासारखं उशिरा गेला तर हिरडी उघडून हाडाची रुंदी वाढवायची वेळ येते, त्यात टाके जास्त, सूज जास्त, आणि खर्च तर विचारूच नका.

आता त्या ग्राफ्टच्या बाटलीत काय असतं ते. बहुतेक लोकांना वाटतं की पावडर भरली म्हणजे हाड बसवलं. तसं नाही. ती पावडर म्हणजे घेवड्याचा वेल चढवायला लावलेल्या काठ्या, वेल आपला आपल्यालाच वाढवायचा असतो, म्हणजे आपलं रक्त आणि आपल्या हाडातल्या पेशी त्या दाण्यांच्या मधनं शिरून नवीन हाड तयार करतात. काठ्यांचे प्रकार चार. एक, आपलंच हाड, हनुवटीतनं नाहीतर अक्कलदाढेच्या मागनं काढलेलं, त्यात जिवंत पेशी असतात म्हणून कामाला सगळ्यात चांगलं पण दुसरीकडं जखम करावी लागते. दोन, दुसऱ्या माणसानं दान केलेलं, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं, मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक असे ग्राफ्ट तयार करते. तीन, जनावराचं, बहुतेक वेळा गोवंशाचं, त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून नुसता खनिजाचा सांगाडा ठेवलेला, बायो-ऑस हे स्विस नाव ऐकलं असेल ते यातलंच. चार, कारखान्यात बनवलेलं, हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास वगैरे.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण नंतर कळून घरात भांडणं झालेली मी बघितलीत. कागदावर "बोव्हाइन" लिहिलं असेल तर ते गाईबैलांचं आणि "पोर्साइन" म्हणजे डुकराचं. वरनं झाकायचा कोलॅजनचा पडदासुद्धा बऱ्याचदा यापैकीच कशाचा तरी असतो, हे तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्या गल्लीतल्या जैन काकूंनी पावडर कृत्रिम मागून घेतली आणि पडद्याचं विचारायचं राहिलं. तेव्हा तुमच्या घरात हा विषय असेल तर सही करायच्या आधी दोन्ही विचारा, पावडर कशाची आणि पडदा कशाचा. लाजायचं काही कारण नाही, पर्याय असतात, टेफ्लॉनच्या जातीचा पडदा येतो, आणि लहान खड्डा असेल तर आपल्याच रक्तातनं काढलेला जेलीसारखा गोळा, त्याला पीआरएफ म्हणतात, तो वापरतात.

तो पीआरएफ मी स्वतः बघितला. हातातनं रक्त काढलं, नळ्या लगेच गरगर फिरणाऱ्या मशिनमध्ये घातल्या, बाहेर काढल्यावर खाली लाल आणि वर पिवळसर जेलीसारखा गोळा, तो चिमट्यानं उचलून कात्रीनं बारीक कापला आणि पावडरीत कालवला. पावडर जाड रव्यासारखी सुटी होती, ती चिक्कीच्या पाकात पडल्यासारखी एकत्र धरली आणि उचलून जागेवर ठेवता यायला लागली. पडदा कशाला लागतो तर हिरडी भराभर वाढते आणि हाड हळू, मध्ये काही आडवं घातलं नाही तर हिरडीच्या पेशी आधी जाऊन जागा धरतात, उसाच्या लागणीत तण माजतं तसं.

जायच्या आधी तुमची सगळी औषधं सांगा. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करून न्या, शुगर वाढलेली असेल तर जखम भरत नाही आणि चांगला डॉक्टर तुम्हाला थांबायला सांगेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारा. आणि आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातनं एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगायचं, त्यानं जबड्याच्या जखमा भरायला अडचण येऊ शकते. लोक "ती तर कॅल्शियमची गोळी आहे" म्हणून सांगतच नाहीत.

ग्राफ्ट झाल्यावर पहिल्या दिवसाचं काम एकच, आत जमलेली रक्ताची गाठ हलू द्यायची नाही. थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, शहाळ्याचं पाणी स्ट्रॉनं ओढायचं नाही, भांड्यात ओतून प्या. बाहेरनं बर्फ लावा, दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आरशात बघून घाबरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं धरून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला तर सांगितलेत तेवढेच दिवस वापरा, नाहीतर दात पिवळे-तपकिरी दिसतात. मिठाचे खडे असावेत तसे एक-दोन दाणे तोंडात आले तर चालतं, रोज मूठभर यायला लागले तर फोन करा.

खाण्याचं म्हणाल तर कोल्हापूरकराला हेच सगळ्यात जड जातं. मिसळ आणि तांबडा रस्सा टाके निघेपर्यंत विसरा. पांढरा रस्सा कोमट करून, गाळून, मिरं-लवंग बाजूला काढून चालतो, मी चार दिवस त्याच्यावरच काढले. ऊस सोलून खाणं बंद, अगदी दुसऱ्या बाजूनं सुद्धा. मी नवव्या दिवशी "आता काय दुखत नाही" म्हणून मटणाचं नळीचं हाडूक चोखलं, एक टाका सुटला, पडद्याची पांढरी कड दिसायला लागली आणि पुढचे तीन आठवडे दर चार दिवसांनी दाखवायला जावं लागलं. आणि मावा, मिश्री, तंबाखू-चुना, सिगारेट, हे सगळं बंद म्हणजे बंद, हिरडीला होणारा रक्तपुरवठाच कमी होतो, मग वेल वाढणार कशावर. तालमीत जाणाऱ्यांनी जोर-बैठका टाके निघेपर्यंत तरी बाजूला ठेवा.

वरच्या दाढेला सायनस लिफ्ट केली असेल तर नियम वेगळे. तिथं हाडाच्या वर हवेची पोकळी असते, तिचं पातळ अस्तर उचलून खाली ग्राफ्ट भरलेला असतो. त्यामुळं नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, शंख किंवा फुगा फुंकायचा नाही, नदीत बुडी नाही. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत.

मग वाट बघायची. साधा खड्डा भरला असेल तर चार-सहा महिने, सायनसचं सहा-नऊ. माझे काका म्हणाले एवढे दिवस कशाला, मी म्हटलं आडसाली उसाला दीड वर्ष थांबताय की. इम्प्लांट बसला की पुन्हा तीनेक महिने, आणि यातला फसवा काळ म्हणजे तिसरा-चौथा आठवडा. सुरुवातीला स्क्रू नुसता आवळून घट्ट असतो, मग भोवतीचं जुनं हाड विरघळतं आणि नवीन अजून कच्चं असतं, त्यामुळं दुखत काहीच नाही पण पकड सगळ्यात कमी. हे टायटॅनियमला हाड धरतं याचा शोध स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकांना 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडावर काम करताना लागला, हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेचना. 1965 मध्ये पहिल्या माणसाला बसवलं आणि ते चाळीस वर्षं टिकलं.

कॅप बसली म्हणजे सुटलो असं मात्र नाही. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू मुळात घुसून धरतात, इम्प्लांटभोवती ते नुसते कडं करून बसतात, त्यामुळं घाण खाली लवकर उतरते आणि दुखून कळतही नाही. ब्रश करताना तिथनं रक्त आलं तर तीच खूण. त्या टप्प्यावर साफ करून घेतलं तर हिरडी पूर्ववत होते, हाड खाली गेलं की ते परत आणणं अवघड. फटीत जाणारा बारीक ब्रश रोज रात्री वापरा.

तीन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला, ताप आला किंवा भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून बसू नका.

आणि इम्प्लांटच्या आणि ग्राफ्टच्या डबीवर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते मागून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि गाव बदललेलं असलं तर दुसऱ्या डॉक्टरला कुठल्या कंपनीचा पान्हा लागेल ते त्याच्यावरनंच कळतं. मी माझं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.